मांजरपाटाचं छत

कौसल्या बदनापूरच्या बाजारात मांजरपाट घ्यायला गेली, तेव्हा चैत्र नुकता लागला होता. सकाळचे दहाच वाजले होते, पण रस्त्यावरचा फुफाटा चपलेतूनही तळव्याला चटके देत होता. दुकानदाराने कापड मोजता मोजता विचारलं, "एवढं कशाला, बाई? गाद्यांच्या खोळी शिवायच्यात का?"

"छताला बांधायचंय. माळवदाचं घर आहे. वरून माती गळते, किडे पडतात."

"कुणाचं घर?"

"सर्जेराव पाटलांचं. गावाबाहेरचं, ओढ्याकडचं."

दुकानदाराचा हात जरा थांबला. मग त्याने न मागता हातभर कापड जास्त सोडलं आणि टर्रकन फाडलं. "बराबर ताणून बांधा," तो खाली बघतच म्हणाला. "झोळ पडू देऊ नका."

कौसल्याने ते मनावर घेतलं नाही. त्या दिवसांत ती काहीच मनावर घेत नव्हती. तेवढी ताकदच उरली नव्हती.

तिचा जन्म राजूरकडच्याच एका खेड्यातला. पण नर्सिंग शिकून, धर्मराजशी लग्न करून ती स्कॉटलंडला गेली आणि अकरा वर्षं तिकडेच राहिली. डंडी नावाच्या गावी धर्मराज तागाच्या गिरणीत फिटर होता आणि ती इस्पितळात, बहुतेक रात्रपाळीला. विशाखा तिथेच झाली. पोर सहा वर्षांची झाली आणि धर्मराजच्या मनाने घेतलं, की पुरे झालं, आता आपल्या माणसांत जाऊ. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या सुरुवातीला ती तिघं परत आली. धर्मराजला जालन्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये काम मिळालं. सकाळी सायकलवर बदनापूर स्टेशन गाठायचं, गाडीने जालन्याला जायचं, ते दिवे लागायला परत. घर मात्र त्याने खेड्यात घेतलं. कौसल्याने पुढे तिथल्या बायकांची बाळंतपणं करावीत, औषधपाणी द्यावं, असं त्याच्या मनात होतं. गावात त्यांना कुणी घर दिलं नाही. का दिलं नाही ते कुणी बोललं नाही आणि धर्मराजनेही विचारलं नाही. शेवटी सर्जेराव पाटलांनी हे रिकामं पडलेलं दोन खोल्यांचं घर उघडून दिलं.

कौसल्याला वाटलं होतं, आपण इथल्याच, त्रास होईल तो पोरीला. पण तिचंच अंग सगळं विसरलं होतं. तिकडे किडा म्हणजे थंडीच्या तोंडाशी न्हाणीच्या टबात अडकलेला एखादा कोळी. विशाखा त्याला कागदावर उचलून खिडकीतून सोडायची. इथे दाराच्या कोनाड्यात तळहाताएवढे कोळी बसलेले. पिठात मुंग्या, पुस्तकांत वाळवी, पाण्याच्या रांजणाखाली गोम, रॉकेलच्या चिमणीभोवती पाखरांचा खच. विशाखा रात्ररात्र खाटेवर उकिडवी बसून राही. जेवण सोडल्यासारखंच होतं तिचं.

शेजारी, म्हणजे ओढ्यापलीकडे, तुळजाबाई राहायच्या. मजुरी करून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई. त्यांनी कौसल्याला पुन्हा पहिलीपासून शिकवलं. चपला झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. दांडीवरचे कपडे आधी आपटायचे. खाट भिंतीला लावायची नाही आणि तिचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे. संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करायचा.

"वरून पडतंय त्याला काय करू, मावशी?" कौसल्याने विचारलं. आदल्या रात्री विशाखाच्या उशाजवळ विंचू पडला होता. तांबडा, लहान, म्हणजे जास्त वाईट.

"वरून पडतंय त्याला कापड," तुळजाबाई म्हणाल्या.

धर्मराजने रविवारी मांजरपाट भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणून बांधला. खिळे ठोकले, दोऱ्या आवळल्या. खोलीवर पांढरं आभाळ आल्यासारखं झालं. त्या रात्री तिघंही झोपली. मध्येच कापडावर टप् असा आवाज येई आणि मग काहीतरी खरडत कडेला जाई. पण ते पलीकडे होतं. इकडे येत नव्हतं.

पाचव्या दिवशी झोळ पडला.

कडेला पडला असता तर माती साचली म्हणता आलं असतं. तो पडला बरोबर मधोमध, मोठ्या तुळईखाली. धर्मराजने संध्याकाळी दोऱ्या पुन्हा आवळल्या. सकाळी कापड ताठ होतं. दुपारी, जेवणानंतर, कौसल्या जमिनीवर ओला पंचा अंथरून आडवी झाली आणि वर पाहिलं, तर झोळ परत तिथेच. लांबट. एका टोकाला जरा जड.

बाहेर ऊन इतकं होतं, की कावळाही ओरडत नव्हता. वाऱ्याची झुळूक नव्हती. आणि तो झोळ हलत होता. अगदी सावकाश, या भिंतीकडून त्या भिंतीकडे.

ती घाबरली का? पुढे तिने स्वतःला पुष्कळदा हे विचारलं. खरं तर तिला फक्त थकवा आला. अकरा वर्षांच्या रात्रपाळ्या, परतीचा प्रवास, हा उन्हाळा, सगळं एकदम हाडांत उतरलं. वॉर्डात पहाटे तीनला कुणी हाक मारली की उठावंच लागतं, तशी ती उठली. हात वर केला. कापड हाताला लागेल इतकं खाली आलं होतं. झोळ थांबत आला होता, म्हणून तिने त्याला हलकेच एक झोका दिला.

कापडातून हाताला ऊब लागली. आणि वजन... ते वजन तिच्या हाताच्या ओळखीचं होतं.

त्या दिवशी घरात एकही मुंगी आली नाही.

हे तिच्या लक्षात यायला आठवडा गेला. ज्या दिवशी ती दुपारी उठून झोका द्यायची, त्या दिवशी कोनाडे रिकामे असत. मुंग्यांची रांग उंबऱ्यापर्यंत येई आणि वळून जाई. संध्याकाळी दिव्यावर एक पाखरू नसे. एकदा तिला डोकेदुखीने उठवेना, तशीच पडून राहिली. दिवेलागणीला विशाखाचा फ्रॉक झटकला तर त्यातून दोन विंचू पडले. दुसऱ्या दुपारी ती वेळेवर उठली.

विशाखा जेवू लागली. अंगणात खेळू लागली. तुळजाबाईंचे शब्द तिच्या तोंडी बसले, "न्हाई" आणि "मंग" म्हणू लागली. तिकडच्या थंडीचं नाव काढेनाशी झाली. धर्मराज म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं? सवय होते." रोज बारा ते तीन कौसल्या झोळाखाली हात वर करून उभी राही. उजवा भरून आला की डावा. थांबली की वर किंचित हुळहुळ होई, कुणी जागं होऊ बघतंय अशी. मग पुन्हा झोका. पोरीसाठी एवढं तर करायचंच, असं ती स्वतःला सांगे.

एकदा तुळजाबाई भर दुपारी ताक घेऊन आल्या. दारातच थबकल्या. कौसल्याचा हात, वरचा झोळ, त्यांनी सगळं पाहिलं. त्या आत आल्या नाहीत.

"कधीपासून करून राह्यलीस हे?"

"महिना झाला असेल... मावशी, इथे कोण होतं?"

म्हातारी उंबऱ्याबाहेरच बसली. आवाज अगदी खाली आणला. "दुस्काळाच्या साली रोडचं काम निघाल्तं. खडी फोडायला लांबून माणसं आल्ती. एक नवराबायको ह्या घरात राह्यले. बाईनं तुळईला झोळी बांधल्ती. सहा म्हैन्याचं लेकरू होतं. सकाळी पाजून जायची, दुपारच्या सुट्टीत पळत यायची पाजायला. एक दिवस मुकादमानं सोडलंच न्हाई तिला. मीबी खडीवरच व्हते... वरून झोळीत काय पडलं, विच्चू का आणखी काय, कुणी बघितलं न्हाई. दिस कलल्यावर आली तर लेकरू गार. आन् झोळी..."

"झोळी काय?"

"हालतच होती, माय."

म्हातारीने ताकाचं भांडं उंबऱ्यावर ठेवलं. मग तुळजाबाई म्हणाल्या, "ते झोक्यानं निजत न्हाई. त्याला भूक लागलेली हाय. तू जल्दी निघ इथून."

रात्री कौसल्याने धर्मराजला सांगितलं. तो हसला नाही, हे खरं. तिचे सुजलेले खांदे त्याने पाहिले होते. पण तो यंत्रांतला माणूस. "तू दमलीयस," तो म्हणाला. "फार दमलीयस. मीच तुला इथे ओढून आणलं." आणि रविवारी सकाळी त्याने खिळे उपटले, मांजरपाट खाली ओढला.

महिनाभर त्या कापडावर माती पडत होती, किडे पडत होते. कडेला सगळा खच होता, पंख, नांग्या, कोळ्यांची सालं. पण मधोमध, झोळ होता तिथे, कापड धुतल्यासारखं स्वच्छ. किंचित ओलसर. त्याला दुधाचा आंबूस वास येत होता. धर्मराजने ते नाकाशी नेलं, झटकन दूर केलं आणि कापड ओढ्याकाठी नेऊन जाळलं. "पुढच्या महिन्यात जालन्यात खोली बघू," परत आल्यावर तो म्हणाला. "तोवर मच्छरदाणी लावू."

सोमवारी तो कामाला गेला. दुपार झाली. वर आता नुसती काळी तुळई होती. काहीही हलत नव्हतं. विशाखा मच्छरदाणीत निजली होती. कौसल्याने चारी बाजूंनी जाळी गादीखाली खोचली, खाटेच्या वाट्यांतलं पाणी पाहिलं आणि जमिनीवर टेकली. आज उठायचं नव्हतं. कित्येक दिवसांनी असं नुसतं पडायला मिळत होतं. डोळे मिटले तेही तिला कळलं नाही.

जाग आली तेव्हा तिचा उजवा हात वर होता आणि हवेत झोका देत होता.

मच्छरदाणी तशीच खोचलेली होती. आत विशाखा नव्हती.

ती खोलीच्या मधोमध, तुळईखाली उभी होती. चवड्यांवर, एक हात वर उंच केलेला, करंगळी पुढे. डोळे अर्धवट मिटलेले. तोंडाने ती काहीतरी पुटपुटत होती, लहान बाळाशी बोलावं तसं.

"विशाखा..."

"हळू, आई," ती कुजबुजली. "तो पितोय."

आणि ती खाली कोसळली.

मग कौसल्यातली नर्स जागी झाली. पोरीचे हातपाय बर्फासारखे गार, अंगाला घामाच्या धारा, नाडी कधी धावतेय, कधी सापडतच नाही. एक उलटी झाली, मग दुसरी. असे पेशंट वाचतात किती आणि जातात किती, हे तिला माहीत होतं. पोरीला खांद्यावर टाकून ती अनवाणी रानातून धावली. तुळजाबाईंनी पुढे पळत जाऊन पाटलांना उठवलं. सर्जेरावांनी एक प्रश्न न विचारता जीप काढली आणि जालन्याच्या रस्त्याला लावली. वाटेत ते फक्त एकदा बोलले. "त्या घराला कुलूपच असायला पाहिजे होतं, ताई. माझीच चूक झाली."

दवाखान्यात दोन रात्री काही खरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी विशाखाने पाणी मागितलं. धर्मराज भिंतीकडे तोंड करून रडला. कौसल्याला रडूही आलं नाही, ती खाटेच्या लोखंडी दांडीवर डोकं ठेवून बसून राहिली.

घरी सोडताना तिथल्या तरुण डॉक्टरांनी विशाखाची करंगळी उजेडात धरली. "विंचूच होता ना, सिस्टर? तुम्ही पाहिलात?"

"नाही."

"नांगीची खूण एक असते. इथे दोन आहेत. अगदी शेजारी शेजारी." त्यांनी जरा विचार केला, मग खांदे उडवले. "दोनदा डंख मारला असेल."

कौसल्या हो म्हणाली. अकरा वर्षांत किती बाळं तिच्या हातांवरून गेली होती. खालचे दोन दात आधी येतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

त्या घराकडे ती परत गेली नाही. सामान तुळजाबाईंनी बैलगाडीत घालून पाठवलं. जालन्यात त्यांनी दुसऱ्या मजल्यावर खोली घेतली. वर सिमेंटचा स्लॅब, भिंतींना नवा चुना, खिडक्यांना बारीक जाळी. किड्यांचं नाव नव्हतं. दारात मुंगीसुद्धा येत नव्हती. शेजारणी नवल करायच्या, आमच्याकडे पावसात नुसता सुळसुळाट, तुमच्याकडे कसं काही नाही? विशाखा शाळेत जाऊ लागली. कौसल्या एका दवाखान्यात दिवसपाळीला लागली. दुपारी वॉर्डात काम करताना तिचे हात शांत असायचे. रात्री झोप येई.

श्रावणातल्या एका सकाळी शाळेची वेळ झाली म्हणून ती विशाखाची वेणी घालत होती. पोर पुढ्यात बसून रेघोट्या ओढत होती. बाही वर सरकली आणि कौसल्याला तिच्या दंडावर, आतल्या बाजूला, एक ताजी लाल खूण दिसली. फणी तशीच केसांत ठेवून तिने पोरीचा हात खिडकीपाशी उजेडात नेला.

खाली दोन टिंबं होती. वरही दोन आली होती.