पाण्याची खुंटी

पळसदेवला उजनी धरणाच्या पाण्याकाठी राहणाऱ्या आबाजीची एक जुनी सवय होती. दुपारचा चहा झाला की तो पाण्यावर जायचा आणि पाणी जिथं संपतं तिथं बाभळीची खुंटी ठोकायचा. उन्हाळ्यात पाणी रोज दोन-चार पावलं मागं जातं. खुंटीवरनं होडी कुठं लावायची, जाळं कुठं टाकायचं, ते कळतं. पाण्याबरोबर खुंटी खाली जायची आणि पावसाळ्यात वर, घराकडं यायची.

त्या दिवशी बायको द्वारकाबाई बरोबर होती. धरणात गेलेल्या जुन्या घराचा उंबरा दिसायला लागला होता. खुंटीपासून पन्नासेक पावलांवर, घोटाभर पाण्यात. दर उन्हाळ्यात ती त्याला हळदकुंकू वाहायची. सासूचा पितळी करंडा घेऊन ती पाण्यात उतरली.

वारा पडला होता. आबाजी खुंटी ठोकून बसला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत पाणी खुंटीपासून निघालं. झोपलेल्याच्या अंगावरची वाकळ कुणी हळूच ओढावी, तसं. बघता बघता उंबरा कोरडा पडला. पलीकडं चिखलात मासे उडायला लागले.

"अवो, चिलापी बघा! नुसती येचायची. पाटी आणा की, बसलाय काय देवागत!"

आबाजी हलला नाही. त्याला फोन आठवला.

वीस वर्षांपूर्वीचा. धाकटा भाऊ मानसिंग अंदमानला रस्त्याच्या कामावर होता. एका सकाळी शेजारच्या छबूबाईच्या घरी त्याचा फोन आला. समुद्र आधी मागं गेला, मासे उघडे पडले, माणसं वेचायला धावली आणि मग पाणी चालून आलं. मानसिंग टेकडीवर चढून वाचला होता. तिथला एक म्हातारा कोळी सांगत होता, खोल समुद्रात ही लाट होडीला कळतसुद्धा नाही. काठाजवळ तळ लागला की तिचं तोंड अडतं, मागचं पाणी थांबत नाही. उसाच्या गाड्यांतली पुढची चिखलात रुतावी अन् मागच्या तिच्यावर चढाव्यात, तशी ती उंच होते.

"आता पानी गेलंय, दादा. माझी पेटी खाली ऱ्हायलीय. जाऊ का?"

आबाजीला ठाऊक होतं ते धरणाचं पाणी. ते एकदा गेलं की पावसाळ्याशिवाय येत नाही. तो म्हणाला, "गेलेलं पानी लगीच कुठं येतंय? जा, आण."

दुसरी लाट पहिलीपेक्षा मोठी होती, हे मागाहून कळलं. मानसिंग सापडला नाही.

"द्वारका, वर ये!" आबाजी ओरडत खाली धावला.

पाणी आलं. फेस नाही, आवाज नाही. सगळं पाणीच गुडघाभर उंच होऊन चालत आलं. द्वारकाबाई पडली. आबाजीनं तिचं मनगट धरून तिला काठावर ओढलं. पाणी पुन्हा मागं गेलं, पहिल्यापेक्षा लांब. पाण्यातल्या जुन्या देवळाच्या पायऱ्या उघड्या पडल्या. चिखलाला खारट वास येत होता.

"करंडा ऱ्हायला. सासूबाईंचा हाय... आणते पटकन. गेलेलं पानी लगीच कुठं येतंय?"

आबाजीनं मनगट सोडलं नाही. तेवढ्यात देवळाकडनं हाक आली.

"दादा... पानी गेलंय. जाऊ का?"

द्वारकाबाई देवळाकडं वळली. "भावजी..."

"न्हाय," आबाजी हळू म्हणाला. "जाऊ नगंस, मानसिंग. हाय तितंच थांब... मी सांगंपतोर."

दोघं घराच्या ओट्यावर पोचली तेव्हा देवळाचं शिखर पाण्याखाली गेलं होतं. थोड्या वेळानं पाहिलं तर पाणी खुंटीला टेकून निवांत होतं. शेजारचा ऋषिराज काठावर पाण्याच्या मोटारीपाशी बसला होता.

"पानी कुठं हाललं, आबा? मी हितंच हाय दुपारधरनं."

द्वारकाबाईचं लुगडं वाळलं, त्यावर मिठाचे पांढरे डाग उठले.

दुसऱ्या दिवशी खुंटीजवळ दोन अनवाणी पावलं उमटलेली होती. शेजारी शेजारी, बोटं घराकडं. येणारी नाहीत, जाणारी नाहीत. आबाजी खुंटी खाली नेत गेला, पावलंही तिच्यासोबत गेली. घरापासून लांबच जात होती, म्हणून तो खुंटी ठोकत राहिला.

मग पावसाळा लागला, वरच्या धरणांचं पाणी यायला लागलं. खुंटी वर सरकली. पावलं आधी उसाच्या सरीत, मग बांधाजवळ.

"सांगा की भावजींस्नी, जावा म्हणून," द्वारकाबाई म्हणाली.

"कसं जा म्हणू?" आबाजी म्हणाला. "एकदा म्हणलो हुतो."

त्या दिवशी त्यानं खुंटी हलवलीच नाही. बांधाखालीच राहू दिली.

सकाळी दार उघडलं. पाणी अजून बांधाखालीच होतं. खुंटी मात्र दारात, उंबऱ्याला लागून ठोकलेली होती. आबाजीनं वाकून माती पाहिली. आज पावलं नव्हती.

आतनं, देवघराकडनं, द्वारकाबाईचा दबका आवाज आला.

"अवो... ह्यो करंडा तुमी आणला का?"