गोठ्यातला खळग्याचा दगड

चहा कोराच घ्या, दूध संपलंय. का संपलंय ते सांगते, पण आधी एक ऐकून ठेवा. भुतांवर माझा विश्वास नव्हता, आणि श्रीमंतांच्या अकलेवर तर आजही नाही.

आमच्या मालकाने, हम्मादने, स्कॉटलंडमधलं दोनशे वर्षांचं शेतघर विकत घेतलं. दगडन् दगड सुटा करून, आकडे टाकून, कंटेनरमधून हमरिया बंदरात उतरवला आणि शारजाबाहेरच्या वाळूत पुन्हा रचायला घेतला. हौसेला मोल नसतं म्हणतात, डोकंही नसतं. भिंती दीड हात जाड, खिडक्या वीतभर, छपराच्या दगडी पाट्या खाली मोठ्या नि वर लहान होत गेलेल्या. सगळी रचना ऊब आत धरून ठेवायला, आणि आम्ही तिच्यात एसी बसवत होतो! घराला लागून, त्याच छपराखाली, गोठा. मागे घोडा गोल फिरवून मळणी करायची खोली. तिथे मालकाला कॉफी प्यायची होती.

मी तिथली आर्किटेक्ट. गवंडी सगळे कोकणातले. गोठ्याच्या दाराशी खळगा पडलेला एक दगड होता. पूर्वी तिकडे, स्कॉटलंडात, त्यात कुणासाठी तरी दूध ओतत. आमचा मुकादम बाबाजी रोज त्यात लबान, म्हणजे इकडचं ताक, ओतून गाऱ्हाणं घालायचा, "ह्या दगडांवांगडा जो कोण इलो आसात, त्येका हयसरच थारो दी रे म्हाराजा!" बाकीचे म्हणायचे, "व्हय म्हाराजा!"

"मॅडम, आमच्यापेक्षा एक आवाज जास्ती येता," तो एकदा हळूच म्हणाला.

"जाड भिंती आहेत, घुमतं," मी म्हटलं. "आणि स्कॉटलंडच्या भुताला मालवणी कधीपासून कळायला लागली?"

नेमका तिथेच एसीचा डक्ट येत होता. दगड काढायला सांगितला, तर एकानेही हात लावला नाही. दुपारच्या सुट्टीत सगळे बसच्या सावलीत, तापल्या वाळूवर आडवे झाले. आत इतका गारवा असताना! गाढवं, दुसरं काय.

मी एकटीच आत गेले. ओल्या गवताचा, गुरांच्या अंगाचा वास आला. तिथे एकही जनावर कधी आलेलं नव्हतं. दगड पहारीने सुटा केला आणि हसत हात जोडले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "बा म्हाराजा, इथे तुझं कुणाला काही पडलेलं नाही. चल माझ्या घरी राहायला."

"व्हय म्हाराजा."

अगदी कानाशी... बाहेर पाहिलं. सगळे बसच्या सावलीत झोपलेले.

तरी मी दगड घरी आणला. अल मजाजच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत ठेवला, तुळस लावायला. नवरा नोकरीसाठी लांब रुवैसला असतो, शाळेला सुट्टी, त्यामुळे दिवसभर घरात माझी मुलगी अस्मी एकटी. दुसऱ्याच दिवशी फ्रिजमधलं लबान संपलं. अस्मीला तर त्याचा वासही सोसत नाही.

"आय गेव्ह इट टू हिम," ती म्हणाली.

"कुणाला?"

"द कोल्ड मॅन. यू इन्व्हाइटेड हिम, आई."

मी धावतच दगड गाडीत टाकला आणि साइटवर नेला. बाबाजीने तो जागेवर बसवला, लबान ओतलं, गाऱ्हाणं घातलं. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

जास्तीचा आवाज आलाच नाही. बाबाजीने कान देऊन ऐकलं, आणि माझ्याकडे बघितलं.

"मॅडम... दगड इलो. तो नाय इलो."

घरी फोन लावला. उचलला गेला.

"अस्मी, दार उघड आणि खाली वॉचमनकडे जा. आत्ताच्या आत्ता!"

"व्हय म्हाराजा," पलीकडून जाड आवाज आला.

अस्मी ठीक आहे. आतल्या खोलीत बोलतेय ना, तीच. आम्ही दोनदा घर बदललं. एसी कुठेच लावावा लागला नाही, आणि सकाळी आणलेलं दूध दुपारपर्यंत पुरत नाही.

तुम्ही जरा भिंतीकडे सरकून बसा. तिथून त्याची जायची वाट आहे.