बिरजूच्या घरी गेलेली मरळ

धानोऱ्याच्या बाजारात वच्छला टोपली उतरवते न उतरवते, तोच एक उंच पोरगा आडवा आला.

"बाई, आज मासोळी इकाची नाई."

"काऊन? बाजार तुह्या बापाचा हाय का?"

तो हसला. म्हणजे असा हसला, की वच्छलाला पदर सारखा करायचं एकदम आठवलं... आणि त्याचाच तिला राग आला.

पोरगा होता अहेरीकडचा इस्तारी, ढिवरांच्या संघाचा कार्यकर्ता. मालगुजारी गेली, जमीनदारांचे तलाव सरकारचे झाले आणि सरकार दर वर्षी मासेमारीचा लिलाव करू लागलं. तलाव नेई बाहेरचा ठेकेदार, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे जाळं टाकणारे ढिवर त्याच्याकडे मजुरीला. तलाव संघालाच मिळावा, म्हणून ही सगळी खटपट चालली होती.

"एकाई बाजारात मासोळी नाई दिसली, का चांद्याच्या लिलाववाल्या साहेबाची बायको साहेबाले इचारते," इस्तारी म्हणाला. "आमचं तो आयकत नाई. बायकोचं आयकते."

"अन् ह्या टोपलीचं काय करू? तुह्या डोक्यावर ओतू?"

"गावात कास्तकारायच्या घरी वाट. सांग, तलाव आमाले भेटला तरी धानाचं पाणी आमी तोडणार नाई. ते आपल्या बाजूनं बोलले, तर सरकारले आयकाच लागते."

तिने वाटली. तोही सोबत आला, रस्ता दाखवायला म्हणे. गाव तिचं, आणि रस्ता दाखवणार हा! थंडी पडेपर्यंत वच्छला सभेत घोषणा द्यायला लागली होती. घोषणा सरकारला, नजर मात्र एकाच माणसाकडे — आणि तो माणूसही बोलता बोलता तिच्यापाशीच अडखळायचा.

घोडं अडलं बिरजूपाशी. बिरजू गावातल्या ढिवरांचा पुढारी, आणि ठेकेदाराचा मुकादम. तो हलला तर गाव हलणार. त्याची पोरगी मैना गोरीगोमटी, चार बुकं शिकलेली. इस्तारी बिरजूच्या ओसरीवर जाऊन बसायला लागला, आणि वच्छलाच्या पोटात दुखायला लागलं. एक दिवस तर तो चांगली हातभर मरळ घेऊन तिथे गेला.

आता वच्छलाच्या गावची रीत अशी, की बिनलग्नाच्या पोराने पोरीच्या घरी अख्खी, न चिरलेली मरळ नेली, म्हणजे त्याने पोरगी मागितली. अहेरीकडच्या या शहाण्याला काय माहीत! त्याच्या गावात वडीलधाऱ्याला मान म्हणून देतात. बिरजूने मरळ ठेवून घेतली, चवीने खाल्ली, आणि मुकादमी सोडून सगळ्या गावासकट संघात आला.

"पाह्यलं?" इस्तारी फुशारकी मारत वच्छलाकडे आला. "एका मासोळीत बिरजूभाऊ आपले झाले."

वच्छलाच्या अंगाचा तिळपापड झाला. सांगावं, तर बिरजू भडकणार, गाव फुटणार, तलाव जाणार. न सांगावं, तर... इस्तारी जाणार.

"मैना चांगली हाय, नाई?"

"चांगली हाय ना. साहेबासाठी भाषण पाठ करून राह्यली. मीच शिकवतो."

"शिकव. शिकव."

त्या दिवशी तिने पाट्यावर मिरच्या अशा रगडल्या, की जेवताना तिचा बाप मनसाराम दोन तांबे पाणी प्यायला. पण ती बोलली नाही. तलाव तिचाही होता.

चांद्याचे साहेब तलाव बघायला आले. तलावाच्या बांधावर ढिवर जाळी घेऊन उभे, शेजारी कास्तकारही उभे. बिरजूने मिशीवरून हात फिरवला आणि पुढे झाला.

"साहेब, संघाकडून माहा जावई बोलन. ये, इस्तारी."

इस्तारीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. इतके दिवस गप्प राहिलेली वच्छला गर्दीतून पुढे आली.

"जावई नाई होय तो," ती म्हणाली. "त्याले आपली मरळीची रीत मालूम नोव्हती."

"मग तो आहे कोण?" साहेबांनी गमतीने विचारलं.

"माहा हाय."

बिरजू लालबुंद झाला, वळला, आणि त्याच्या माणसांनी जाळी खांद्यावर घेतली. तेवढ्यात मैनाने बापाचा हात धरला.

"बाबा, आपण तलावासाठी आलो का लगनासाठी? अन् मले कोणी इचारलं होतं?"

बिरजू घुटमळला. मग मटकन खाली बसला, आणि माणसांनीही जाळी उतरवली. इस्तारी बोलला, एक म्हातारा कास्तकारही ढिवरांच्या बाजूने बोलला. साहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "यंदाचा लिलाव थांबवतो. वर लिहितो. पुढचं सरकार ठरवील," ते म्हणाले.

लोक पांगले तरी इस्तारी तिथेच उभा होता, कानापर्यंत लाल.

"सगळ्यायपुढं बोलली तू..."

"मंग? खोटं होतं का?"

"नाई... खोटं नोव्हतं." त्याने हळूच तिचं बोट धरलं. "मीच बोलणार होतो. हिंमत नोव्हती होत."

तिने बोट सोडवून घेतलं नाही. म्हणाली, "आता कोठी जातं?"

"अहेरीकडच्या गावाईत. तिकडचे तलावबी सोडवाचे हायत."

"तिकडं बाया लय येतात म्हणे सभेले."

"येतात ना."

"मंग मीबी येतो."

"संघाच्या कामाले, का माह्यावर पहारा द्याले?"

"पहाऱ्याले. काम जमलं तर करीन."

इस्तारी हसला, बाजारात हसला होता तसाच. "अन् लगन नाई, काई नाई, गावोगाव माह्यासंगं फिरली तर लोक काय म्हणतीन?"

वच्छलाने जाळं उचलून त्याच्या खांद्यावर टाकलं आणि चालू लागली.

"मंग ते पहिले उरकून घे."