सामाईक पन्हळ

सयाजीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्याच्या डोक्यावर बादली ओतायची होती. बादली हातात होतीच, कोठीत गळलेल्या गढूळ पाण्याने अर्धी भरलेली. ती घेऊन मी शिडीवरून पत्र्यावर चढले, तर शेजारच्या पत्र्यावर एक माणूस पालथा पडलेला. एक हात खांद्यापर्यंत पन्हळीत घातलेला, आणि चक्क गुणगुणत होता. आमच्या घरात पाणी शिरलंय आणि हा गुणगुणतोय... माझं डोकंच फिरलं.

तशी मी मुळातच रागीट. आई म्हणते, जन्मले तेव्हा मी रडले नाही, भांडले. पण त्या दिवशीच्या रागाला कारण होतं. आम्ही कडक भाकरी करतो. अप्पा गेल्यावर आईने चूल मांडली, मी कॉलेज संपवून पॅकिंग आणि दुकानदार सांभाळायला लागले, आणि बघता बघता सोलापुरातल्या बाळीवेशीतल्या आमच्या घरात सकाळपासून बायका थापायला बसू लागल्या. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजून चुलीच्या कडेला उभी करून वाळवायची, मग कोठीत थप्प्या लावायच्या. मोडली की कट्कन आवाज आला पाहिजे. ओल लागली की संपलं, ती सादळते आणि चामड्यासारखी वाकते. पुण्याच्या दुकानदाराने आमचा माल एकदा परत पाठवला होता. पुन्हा मऊ निघाला तर कायमचं बंद, असं त्याने फोनवर सरळ सांगितलं होतं. त्याचीच दसऱ्याची मोठी ऑर्डर कोठीत तयार होत होती, आणि परतीचा पाऊस जोरात लागला होता.

कोठीची भिंत म्हणजे आमची आणि शेजारची मिळून एकच. दोन्ही घरांचे पत्रे त्या भिंतीकडे उतरतात, आणि भिंतीच्या डोक्यावर दोघांची मिळून एकच पन्हळ. तिचं एक तोंड मागे, आमच्या हौदावर. दुसरं पुढे, त्यांच्या दाराशी. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे आमच्याकडे पन्हळीचं पाणी कुणी गटारात सोडत नाही. शेजारचे अण्णाराव घर भाड्याने देऊन मुलाकडे राहायला गेले, आणि गणपतीनंतर तिथे हा गुणगुणणारा आला.

“काय चाललंय ओ?” मी विचारलं.

त्याने मान वळवली. कपाळाला चिखल, डोळे मात्र हसरे. “पाणी बघतोय. लई भारी पडला की रात्री. माझं पिंप भरून वाहिलं.”

“तुमचं पिंप भरलं आणि आमची कोठीपण. मागचं तोंड कुणी बुजवलं?”

“मीच,” तो अगदी कौतुकाने म्हणाला. “वाळूची पिशवी ठासली. निम्मं पाणी तिकडनं वाया चाललं हुतं.”

“वाया जात नव्हतं. आमच्या हौदात जात होतं.”

तो उठून बसला. आमचा हौद पेरूच्या झाडाखाली आहे, त्याच्या पत्र्यावरून सहज दिसत नाही. मान लांब करून त्याने तो पाहिला आणि त्याचे कान लाल झाले. मग अडखळत त्याने सांगितलं, की तो सांगोल्याकडचा, इथे ठिबकच्या दुकानात कामाला. गावाकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, आई भांडी धुतलेलं पाणीसुद्धा डाळिंबाला घालते. वाहतं पाणी दिसलं की त्याला राहवत नाही. मी सगळं ऐकून घेतलं आणि बादली उचलली. त्याने घाईने हात पुढे केला.

“वतू नका... हिकडं द्या. पिंपात टाकतो.”

आता अशा माणसाचं काय करायचं? मी बादली खाली ठेवली आणि ओढणीच्या टोकात बांधून आणलेली भाकरी त्याच्यापुढे धरली. ती धरल्या धरल्या वाकली. त्याने तुकडा तोडला, तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

“चव झ्याक हाय की.”

“चव विचारली नाही मी.”

तरी पिशवी त्याने लगेच उपसून काढली, हे खरं. वरून वचन दिलं, की आता एक थेंब आत येणार नाही, आला तर ती बादली खुशाल माझ्या डोक्यावर ओता. खाली उतरताना मी एकदा मागे पाहिलं. तो उरलेली भाकरी खात होता.

पुढचा पाऊस आला आणि भिंत पुन्हा ओली. अगदी त्याच जागी, बरोबर मधोमध. थप्प्या आम्ही पलंगावर हलवल्या, आई त्यांच्यावर चादरी टाकत होती, आणि मी चप्पल घालून थेट ठिबकच्या दुकानात गेले. सयाजी मोहोळच्या एका शेतकऱ्याला नळी उलगडून दाखवत होता.

“तुम्ही खोटं बोललात,” मी सगळ्यांसमोर म्हटलं.

तो शेतकरी माझ्याकडे बघत राहिला, मग सयाजीकडे, आणि मिशीत हसला. सयाजीने गिऱ्हाईक सोबत्याच्या हवाली केलं आणि तो माझ्यामागे निघाला. मी वळून पाहत नव्हते.

“रागावल्यावर तुमी लई भरभर चालता,” मागून आवाज आला.

“मग राहा मागे.”

“ऱ्हातोय की. नुसतं दिसत ऱ्हावा, म्हंजे झालं.”

मला ओठ दाबून धरावे लागले. त्याला दिसलं नसेल... निदान मी तरी तशी समजूत करून घेतली.

पत्र्यावर जाऊन त्याने पन्हळ दोन्ही टोकांनी नीट तपासली. वाळूची पिशवी खरंच नव्हती. पण मागच्या टोकाखाली अण्णारावांनी दगड सारलेले होते, पाणी पुढे त्यांच्या दाराशी जावं म्हणून. मी म्हटलंच, बघा, म्हातारा किती लबाड होता ते. सयाजीने मला पुढच्या टोकाशी बोलावलं. तिथे खाली विटा रचलेल्या होत्या, आणि पत्र्यावरून घसरू नयेत म्हणून त्या चिंधीने आवळून बांधलेल्या. चिंधी इरकलीच्या काठाची होती. ते लुगडं माझ्या चांगल्या ओळखीचं होतं.

दोन्ही टोकं उचललेली, त्यामुळे पन्हळीला मधोमध पोट आलेलं. तिथला जोड उकलला होता. पाणी तिथे तुंबून सरळ आमच्या भिंतीत उतरत होतं.

मी तशीच खाली उतरले. आई पिठात हात घालून बसली होती. मी विचारलं, तर तिने पीठ मळणं थांबवलंसुद्धा नाही.

“मग? त्यानं मागचं टोक उचललं, मी पुढचं उचललं. दर उन्हाळ्यात त्याचा एक दगड वाढायचा, माझी एक वीट. आपलं पाणी सोडून द्यायचं काय त्याला?”

“आई, आपल्याच भाकरी भिजतायत त्यानं.”

“सुम कुंद्र,” आई म्हणाली. फार अडचणीत आली की ती कानडीत मला गप्प बसायला सांगते.

मागे शिडीवर सयाजी उभा होता. हसू दाबताना त्याचे खांदे हलत होते. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो शिडीवरच थिजला. मग म्हणाला, रविवारी सुट्टी आहे, सगळी पन्हळ उतरवून नव्याने बसवू. फक्त एका माणसाने होणार नाही, दुसऱ्या टोकाला कुणीतरी लागेल... त्याने आईकडे पाहिलंच नाही. सोमवारी पुण्याचा माल निघायचा होता. मी हो म्हटलं, नाइलाजाने. म्हणजे आईला तरी तसंच सांगितलं.

रविवारी आभाळ सकाळपासून दाटलेलं. दगड आणि विटा दोन्ही खाली आले. कुजलेला पाला आम्ही ओंजळींनी काढला, उकललेल्या जोडावर त्याने पत्र्याचा नवा तुकडा रिबिटांनी ठोकून वर डांबर दिलं, आणि खाली नव्या लोखंडी पट्ट्या बसवायला घेतल्या. पट्ट्यांची उंची ठरवायला त्याने लेव्हलची नळी काढली. पारदर्शक नळी, आत पाणी. एक टोक त्याने धरायचं, दुसरं मी. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आलं की दोघांनी खूण करायची.

“हलतंय तवर बोलू नको,” तो पलीकडून म्हणाला. “थांबलं की सांग.”

अहो-जाहो कधी गळून पडलं ते मला कळलंच नाही. मी नळीकडे पाहत होते. पाणी वर-खाली होत होतं. मी एकदाच डोळे उचलले, तर तो नळीकडे पाहतच नव्हता.

“नळीकडे बघ,” मी म्हटलं.

“बघतोय की.”

“सयाजी.”

“तुझ्या हाताला कापरं हाय. पाणी कसं थांबंल?”

मी दोन्ही हातांनी नळी घट्ट धरली. पाणी थांबलं, आम्ही खुणा केल्या, आणि त्याने पट्ट्या ठोकायला सुरुवात केली. प्रत्येक पट्टी आधीच्यापेक्षा थोडी खाली, सगळा उतार मागे... आमच्या हौदाकडे. त्याच्या पिंपाकडे एक थेंबही जाणार नव्हता.

मी हातोडी धरली. म्हटलं, मला उपकार नकोत, उतार तुझ्याकडे घे, मला फक्त भिंत कोरडी हवी. तो म्हणाला, पिंप घटकाभरात भरतं, भरलं की पाणी उलटं तुंबतं, हौद मोठा आहे. मी म्हटलं, मग आणखी पिंपं ठेव. तो म्हणाला, दारात जागा नाही. अण्णाराव आणि आई इतकी वर्षं पाणी आपापल्याकडे ओढत होते, आणि आम्ही ते एकमेकांकडे ढकलत भांडत होतो. शेवटी त्याने हातोडी माझ्या मुठीतून हळूच सोडवून घेतली. एक एक बोट उचलून. माझा राग तेवढ्यापुरता कुठे गेला, कोण जाणे.

दुपारी शेवटची पट्टी बसली आणि पाऊस आलाच. आम्ही भिजत खाली पळालो आणि कोठीत शिरलो. पत्र्यावर नुसता ताशा वाजत होता. मी भिंतीला हात लावला. खरखरीत, कोरडी. एका टोकाकडून मी हात फिरवत निघाले, दुसऱ्या टोकाकडून तो. मधोमध, नेमक्या त्या जागी आमचे हात भेटले, आणि कुणीच काढून घेतला नाही.

“झालं काम,” तो भिंतीकडे बघत म्हणाला. “आता मी नसलो तरी चालंल.”

“नसलो म्हणजे?”

“टेंभुर्णीला नवीन दुकान निघतंय. सायब म्हणत्यात, तू जा तिकडं. पगार वाढंल... खोलीबी हाय.”

मला एकदम उमगलं. “म्हणून सगळा उतार आमच्याकडे? तू पाणी दिलं नाहीस सयाजी, तू निरोप घेतलास.”

मला इतका राग कधीच आला नव्हता, पुण्याच्या दुकानदाराचा नाही, पावसाचा नाही. इतके दिवस मी भिंतीवर चिडते आहे असं मला वाटत होतं, आणि रोज सकाळी उठून पत्र्यावर कुणी गुणगुणतंय का, ते ऐकत होते. मला हा माणूस हवा होता. शेजारी नाही, घरात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही मला रागच आला.

“व्हय म्हणालास त्यांना?”

“अजून न्हाय. सांजंला सांगायचंय. तू एवढी भांडतीस... वाटलं, सुटले म्हणशील.”

“नको असलेल्या माणसाशी मी भांडत बसत नाही. तोंडावर दार लावते.”

त्याने मान वर केली. भिजलेले केस कपाळावर, आणि डोळ्यांत हसू नव्हतं, भीती होती. “मग सायबांना काय सांगू? कारण तर पायजे.”

“सांग, सोलापुरात माझं लग्न ठरतंय.”

पाऊस आणखी वाढला. तो जवळ आला, इतका की त्याच्या शर्टाचं पाणी माझ्या पायांवर पडत होतं.

“कुणाशी?”

“मला आणखी राग आणू नकोस.”

“आणतोय,” तो हळूच म्हणाला. “जन्मभर आणतो... चालंल?”

मी उत्तर देणार तेवढ्यात दारात परात वाजली. आई उभी होती, कोपरापर्यंत पिठाने माखलेली. किती वेळ ऐकत होती, देव जाणे. तिने आधी भिंतीला हात लावून पाहिला, मग थप्पीतली एक भाकरी मोडून पाहिली. कट्कन आवाज आला.

“सायबाला मागनं सांग,” ती सयाजीला म्हणाली. “आधी तुझ्या आईला फोन लाव. लिंगायताचं घर आहे म्हणावं. हितं मटण शिजत नाही.”

सयाजीचा चेहरा पडला. टेंभुर्णीचं सांगताना पडला होता त्याहून जास्त. तो विचारात पडला. एवढ्याने अडणार का हा? मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

“घरात न्हाय ना?” त्याने भीत भीत विचारलं. “पत्र्यावर शिजवलं तर?”

आईने पदर तोंडाला लावला आणि ती हसत सुटली. मी नाही हसले. मी त्याचा हात चांगला आवळून धरला आणि म्हटलं, “फोन लाव आधी.”