वळणावर साठ

तो चुकून माझ्या खोलीत आला. त्याला जायचं होतं शेजारी, डॉक्टरांकडे. पण आमच्या प्रशिक्षण केंद्राचे सगळे दरवाजे एकाच राखाडी रंगाचे, आणि छत्री मिटवायच्या गडबडीत त्यानं पाटी वाचलीच नाही. माझ्या पाठीमागे कुणीतरी उभं आहे, हे मला फरशीवर टपटपणाऱ्या पाण्यावरून कळलं.

"ही... आमचीच लाइन ना?" त्यानं विचारलं. त्याची नजर माझ्या पडद्यावर खिळली होती.

तो रेल्वेचा चालक होता. आणि मी त्याच्यासारख्यांसाठी सिम्युलेटरवर लाइन उभारत होते. खरे पूल, स्टेशनं, सिग्नल संगणकात जसेच्या तसे उभे करायचे, म्हणजे चालकाला आधी इथे हात बसवता येतो आणि चुकलं तरी कुणाला खरचटत नाही.

पडद्यावरच्या पुलाखाली डोकावून तो म्हणाला, नदी पार आटलेली दिसतेय. मी म्हटलं, पाणी सोडते सावकाश, आधी वेगमर्यादा तर लावू द्या. रूळ टाकले की सिम्युलेटर सगळीकडे एकच वेग धरून चालतो. त्याला बिचाऱ्याला स्टेशन काय आणि मोकळं माळरान काय. मग एकेक तुकडा निवडून सांगावं लागतं... इथे शंभर, इथे साठ, फलाटाशी तीस.

"म्हणजे कुठे किती पळायचं हे तुम्ही ठरवता?"

"मी नुसतं भरते. ठरवणारे वेगळे."

"तरीच," तो म्हणाला. "ठरवणारी माणसं अशी हसत नाहीत."

आपण हसतोय हे मला तोवर माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या प्रशिक्षक बाईंनीच त्याला माझ्याकडे पाठवलं. सध्या तो कामावर नाही, रिकामा बसून कुढतोय, लाइन त्याला तोंडपाठ आहे, तर तुझं काम तपासून घे, म्हणाल्या. तो रोज दुपारी येऊ लागला. चालकाच्या खुर्चीत बसायचा, मी शेजारी. तो मला 'रूळवाल्या बाई' म्हणायचा, मी त्याला 'ड्रायव्हरसाहेब'. माझं एखादं झाड सिग्नलच्या आड आलं, तर म्हणायचा, बाई, तुमच्या वनखात्याला आवरा. घरी आत्यानं विचारलं, हल्ली तुझा डबा बराच मोठा झालाय, भूक वाढली की काय? मी मान खाली घालून झाकण लावलं. आत्यानं पुढे काही विचारलं नाही, फक्त दुसऱ्या दिवशी स्वतःच मोठा डबा काढून ठेवला.

एक गोष्ट मात्र मला सतावत होती. पुलापुढच्या वळणावर मर्यादा होती साठ. तो तिथे दर वेळी चाळिसावर यायचा. मी नोंदी पुन्हा पुन्हा तपासल्या, साठच बरोबर. विचारलं की तो खिडकीबाहेर बघायचा.

मग एका दुपारी गाडी थांबवून तो आपणहून बोलला. खऱ्या लाइनीवर त्याच वळणावर एक माणूस सायकल घेऊन रूळ ओलांडत होता. यानं ब्रेक लावले, पण गाडी काय लगेच थांबते? माणूस वाचला, पाय मात्र गेला. चौकशीत याची चूक निघाली नाही. पण तेव्हापासून ते वळण आलं की हात आपोआप ब्रेककडे जायचा. मर्यादेपेक्षा हळू जाणं हा गुन्हा नाही, पण मागच्या गाड्या खोळंबतात, आणि मुख्य म्हणजे बघणाऱ्याला कळतं की हा माणूस घाबरलाय. पुन्हा कामावर घेण्याआधीची चाचणी जवळ आली होती. त्यात तेच झालं तर त्याला कायमचं टेबलामागे बसवणार होते.

हे सांगताना त्याचा आवाज अगदी साधा होता.

चाचणी माझ्याच लाइनीवर होणार होती. तो गेल्यावर मी वळणाचा तुकडा निवडला आणि साठ खोडून चाळीस भरले. इतकं सोपं होतं ते.

दुसऱ्या दिवशी पुलावर येताच त्याला चाळीसची पाटी दिसली. त्यानं गाडी तिथेच उभी केली.

"माझ्यासाठी केलंत, कळतंय मला," तो म्हणाला. "पण खऱ्या वळणावर साठचीच पाटी आहे हो. आणि तिथे तुम्ही नसणार."

तो छत्री घेऊन निघून गेला. मला रडू आलं, रागही आला – त्याचा नाही, माझा. मी साठ पुन्हा भरले. पुढचे काही दिवस ती खुर्ची रिकामी राहिली आणि माझं कशात लक्ष लागेना.

तो परत आला तो प्रशिक्षक बाईंना घेऊनच. लपूनछपून नको, उघड मदत करा, म्हणाला. मग बाईंच्या देखत मी सरावासाठी वेगळी लाइन केली. तिथे वळणाला आधी चाळीस ठेवले. ते अंगवळणी पडलं की पंचेचाळीस, मग पन्नास. कधी जमायचं, कधी हात पुन्हा ब्रेककडे जायचा. मी नुसती शेजारी बसे. एकदा पंचावन्नवर तो घामाघूम झाला आणि म्हणाला, आज इतकंच. मी म्हटलं, इतकंच तर इतकंच.

चाचणीच्या दिवशी मला आत जायची परवानगी नव्हती. मी जिन्यात उभी राहिले. बाई बाहेर आल्या, माझ्याकडे बघून फक्त मान डोलावली आणि चष्मा पुसत निघून गेल्या.

तो कामावर रुजू झाला. पुढे कितीतरी दिवस ना भेट, ना फोन. मी मनाशी म्हटलं, बरं वाटलं की माणूस दवाखान्यात कशाला येईल...

आणि एका सकाळी तो दारात उभा. या खेपेला पाटी वाचून, दारावर टकटक करून.

"रोज जातोय त्या वळणावरून," तो म्हणाला. "साठनं. भीती वाटते अजून, पण हात थांबतो जागेवर." मग तो जरा घुटमळला. "तुम्हाला विचारायचं होतं... बरेच दिवस विचारायचं होतं. पण तेव्हा मला तुमची गरज होती. तेव्हा विचारलं असतं, तर तुम्हाला नाही म्हणणं जड गेलं असतं. म्हणून थांबलो. आता तुम्ही नाही म्हणालात, तरी मी गाडी चालवीन."

इतके दिवस मी ज्याला विसरणं समजत होते, ते हे होतं तर.

"आणि हो म्हटलं तर?" मी विचारलं.

"तर... मग मला नीट काही चालवता येईल की नाही, शंका आहे."

मी शेजारची खुर्ची ओढली.

"बस," मी म्हटलं. "आणि आधी हे अहो-जाहो बंद कर."