गगनमल्लाचे हात

माझे थोरले भाऊ आण्णा वस्ताद यांची एकसष्टी झाली, ते २०५२ साल. तोवर मी आजोबा झालेलो होतो, पण मला एकही अक्षर वाचता येत नव्हते. शिवाय मी एक गोष्ट घरच्यांपासून लपवत होतो.

आधी कोडे सांगतो. लपवलेली गोष्ट आपोआप पुढे येईल.

माझी नात नंदू दहा वर्षांची होती. तिच्याकडे गगनमल्ल नावाच्या महावीराच्या चित्रकथा होत्या. त्यातल्या एका पानावर एक मुलगी उंच मनोऱ्यावरून पडते. खाली गगनमल्ल उभा असतो. त्याचे हात पोलादाचे. तो हात पुढे करतो, मुलगी त्या हातांवर येऊन पडते आणि हसते. तिच्या वेणीतले फूलसुद्धा हलत नाही.

दुसरे चित्र पडद्यावरच्या तमाशा-कुस्तीतले. मुखवटा घातलेला वावटळ नावाचा पैलवान दोरांवर चढतो, हवेत उडी मारतो आणि पाठीवर पडतो. धाडकन आवाज होतो. आपल्याला वाटते, गेला बिचारा. पण थोड्या वेळाने तो उठतो आणि लोकांना हात करतो.

दोघेही उंचावरून पडतात, दोघांनाही काही होत नाही. यांतले एक खरोखर घडू शकते, दुसरे कधीच घडू शकत नाही. कोणते?

आण्णांचे उत्तर ठरलेले असे. "दोन्ही खोटं. एक कागदावरचं, एक पडद्यावरचं."

पंचगंगेच्या काठी आमच्या गावात आमची तालीम आहे. तालमीत हौदा असतो, म्हणजे कुस्ती खेळायची मऊ मातीची जागा. त्या मातीत ताक, तेल, हळद आणि लिंबू मिसळतात. रोज पहाटे कुणीतरी खोऱ्याने हौदा उकरतो, माती खालीवर करून भुसभुशीत करतो. न उकरलेल्या हौद्यात आमच्याकडे कुणी पाय ठेवत नाही. तरुणपणी माझा गुडघा मोडला आणि कुस्ती सुटली. तेव्हापासून हौदा उकरणे हे माझे काम झाले.

अशा घरात जन्मलेला माणूस पडद्यावरची ती कुस्ती बघत होता. रोज. कोठीच्या खोलीत, हळदीच्या पोत्यांमागे बसून, आवाज बंद करून. तो माणूस मी.

वावटळ जिंकला की मी अंधारात मुठी आवळायचो. बाहेर आण्णांचा खोकला ऐकू आला की कापडासारखा पातळ पडदा घडी करून बंडीत कोंबायचो. खरी कुस्ती खेळलेल्या माणसाने हे बघावे? नंदूच्या चित्रकथाही मी मागून घ्यायचो. तिला वाटायचे आबा वाचतात. मी नुसती चित्रे बघायचो आणि वाचल्यासारखे करून, थोडे थांबून पान उलटायचो.

त्या वर्षी तालमीत एक यंत्रमानव आला होता. आधी तो एका दवाखान्यात रुग्णांना उचलायचे काम करायचा. जुना झाल्यावर दवाखान्याने तो तालमीला दिला. पाय मुरगळलेल्या पैलवानाला उचलणे, तेल चोळणे ही कामे तो करायचा. पोरांनी त्याचे नाव पाव्हणा ठेवले होते. पाव्हण्याचे हात पोलादाचे होते आणि त्याला बोलायची फार हौस होती.

एका दुपारी मी कोठीत बघत बसलो होतो, तोच मागून आवाज आला.

"आबा, आवाज लावू का? तुम्हाला ऐकू येत नाही असं दिसतं."

मी दचकून पडदा पोत्यावर पालथा टाकला. "हळू बोल! ऐकू येतंय मला. कुणाला सांगू नकोस बघ."

"मला कुणी विचारलं नाही तर मी सांगत नाही," पाव्हणा म्हणाला. "पण लपवण्यासारखं यात काय आहे?"

"तुला न्हाई कळायचं. तुला लाज बसवलेली न्हाई."

"खरं आहे. तो भाग माझ्यात नाही."

मला हसू आले. मग कितीतरी दिवस मनात असलेला प्रश्न मी विचारून टाकला. "पाव्हण्या, हा एवढा आपटतो, तरी ह्याची हाडं कशी राहतात?"

"एक अंडं देता का?" तो म्हणाला.

पैलवानांच्या खुराकातली अंडी कोठीतच असत. पाव्हण्याने मला एक अंडे भिंतीवर मारायला सांगितले. ते फुटले हे सांगायला नकोच. मग त्याने एक जुने धोतर दोन खुंट्यांना सैल बांधले आणि तितक्याच जोराने दुसरे अंडे त्यावर मारायला सांगितले. धोतराला पोट आले, अंडे त्यात विसावले आणि खाली घरंगळून त्याच्या हातात आले. अख्खे.

"जोर तेवढाच होता," मी म्हणालो.

"तेवढाच. आता नीट ऐका. हलणाऱ्या प्रत्येक वस्तूत संवेग (वस्तू जितकी जड आणि जितकी वेगात, तितका तिचा झपाटा) असतो. वस्तू थांबते तेव्हा हा संवेग संपवावा लागतो. भिंतीने तो एका क्षणात संपवला. धोतराने तोच संवेग हळूहळू संपवला. संपवायला वेळ कमी मिळाला तर बल (ढकलणारा किंवा रोखणारा जोर) खूप मोठं लागतं. वेळ जास्त मिळाला तर थोडं बल पुरतं."

मी डोके खाजवले.

"तुम्ही वडापच्या जीपमधून बाजाराला जाता ना?" पाव्हण्याने विचारले. "ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला की काय होतं?"

"समोरच्याच्या टकलावर नाक आपटतं."

"आणि त्यानं हळूहळू ब्रेक दाबला तर?"

"कळतसुद्धा न्हाई."

"गाडी दोन्ही वेळा थांबली. फरक वेळेचा. वावटळ पडतो ती जमीन पक्की नसते. खाली लवचीक चौकट, त्यावर फळ्या, त्यावर फोमचा थर असतो. तो पडला की सगळं खाली दबतं आणि त्याला थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो. शिवाय तो हनुवटी छातीला लावून, हात पसरून अख्ख्या पाठीवर पडतो. त्यामुळे मार एका हाडावर न येता सगळीकडे वाटला जातो. आवाज मोठा येतो, कारण फळ्या ढोलासारख्या वाजतात. तरीही त्याला लागतंच. ते सोसायला तो अनेक वर्षं शिकलेला असतो, म्हणून घरी कुणी करून बघायचं नाही."

मी बोटाने धोतर दाबून बघितले. मग म्हणालो, "म्हंजे आमचा हौदा उकरतो, तसंच की हे."

"अगदी तसंच. मऊ माती म्हणजे वेळ."

हे आण्णांना सांगावे असे फार वाटले. पण सांगायचे तर कुठे बघितले तेही सांगावे लागणार.

एकसष्टीचा कार्यक्रम तालमीतच होता. पाहुण्यांच्या खुर्च्या मातीत रुतू नयेत म्हणून मी स्वतः हौदा धुम्मसाने ठोकून कडक केला, वर सतरंजी अंथरली. आण्णा नवा गुलाबी फेटा बांधून मधोमध बसले. आरती, ओवाळणी झाली. मग नंदू उठली.

"आता मी आणि पाव्हणा गगनमल्लाचा खेळ करणार! मी माळ्यावरून उडी मारणार, पाव्हणा मला झेलणार!"

टाळ्या पडल्या. आण्णांनी नाक मुरडले, पण नातीची हौस मोडली नाही.

माळा दोन पुरुष उंच होता. शिडी धरायला मी खाली उभा राहिलो. नंदू चढून गेली. पाव्हणा पाहुण्यांकडे पाठ करून उभा होता, दोन्ही हात पुढे ताठ, अगदी चित्रातल्यासारखे. तो काहीच बोलत नव्हता. त्याच्या छातीवरच्या पट्टीवर मात्र लाल अक्षरे लुकलुकत होती. पाहुण्यांना ती दिसत नव्हती. मला दिसत होती, पण माझ्यासाठी त्या नुसत्या लाल रेघोट्या होत्या.

"नंदे, पाव्हणा गप्प का गं?" मी वर बघून विचारले.

"मी त्याची बोलती बंद केलीय, आबा. सराव करताना सारखा मधे मधे बोलत होता. आणि हात कुलूप लावल्यासारखे पक्के केलेत. गगनमल्लाचे हात हलतात का कधी?"

"सरावात तू उडी मारून बघितलीस?"

"नाही, उशी टाकून बघितली. काही झालं नाही उशीला!"

उशीला काय होणार? माझ्या डोळ्यांपुढे भिंतीवरचे अंडे आले. कुलूप लावलेले पोलादी हात म्हणजे भिंतच. आणि हात चुकले तर खाली मीच ठोकून कडक केलेली जमीन. नंदूने डोळे मिटले. पाहुणे एक, दोन म्हणू लागले.

"थांब!" मी ओरडलो. "उडी मारायची न्हाई!"

नंदूचा चेहरा रडवेला झाला. आण्णा खुर्चीतून म्हणाले, "काय रं हिंदुराव? लोखंडी हत्ती हाय तो, चार पैलवान उचलतो. पोरीला झेलणार न्हाई व्हय?"

"झेलंल, आण्णा. पण हात हलणार न्हाईत. पोरीची पाठ मोडंल. झेलताना हात खाली न्यावं लागत्यात, म्हंजे थांबायला वेळ मिळतो. मऊ मातीवाणी. त्या कुस्तीतल्या फळ्यांवाणी."

"कुठल्या कुस्तीतल्या फळ्या?"

झाले. सगळा गाव माझ्याकडे बघत होता. नंदूने मात्र अजून पाय काठावरून मागे घेतला नव्हता.

"ती पडद्यावरची, आण्णा. मुखवट्यांची. मी बघतो."

"कवा?"

"रोज."

एक पाहुणा खुसखुसला, मग सगळी तालीम हसली. "वस्तादांचा भाऊ वावटळीचा चाहता!" कुणीतरी ओरडले. माझे कान तापले. जमीन मऊ असती तर मी तिच्यातच गेलो असतो.

आण्णा हसले नाहीत. "सिद्ध कर," म्हणाले.

मी शिडीला धरून वर बघितले. "नंदे, तू मागं हो. भिंतीला टेकून बस." मग कोठीतून अंडी आणली आणि एका पैलवानाकरवी तिच्याकडे पोचवली. नंदूने पहिले अंडे पाव्हण्याच्या ताठ तळहातावर सोडले. फटकन फुटले. बलक उडाला तो पाव्हण्याच्या खांद्यावरून थेट आण्णांच्या नव्या फेट्यावर. कुणी हसायची हिंमत केली नाही.

मग नंदूने वरूनच हुकूम देऊन पाव्हण्याचे हात आणि बोलती मोकळी केली. "धन्यवाद," पाव्हणा म्हणाला. "मी मघापासून हेच सांगत होतो." दुसरे अंडे सुटताच त्याचा हात अंड्याबरोबर खाली खाली गेला आणि गुडघ्यापाशी अलगद थांबला. तळहातावर अंडे शाबूत होते.

आण्णा उठले. ते अंडे हातात घेऊन त्यांनी उलटसुलट करून बघितले. मग पाव्हण्याला विचारले, "हा खरंच बघतो रोज?"

"रोज. आवाज बंद करून."

पुन्हा हशा झाला. आण्णांनी मान हलवली. "नंदे, शिडीनं उतर," एवढेच ते म्हणाले.

ती उतरली आणि पाव्हण्यासमोर येऊन उभी राहिली. छातीवरच्या पट्टीवर मघाचा इशारा अजून पुसला गेला नव्हता. तिने मोठ्याने वाचले, "धोका आहे. हात मोकळे करा." मग माझ्याकडे वळली. "आबा, तुम्ही तर समोरच उभे होता. हे वाचलं नाही?"

मघाच्या हशाने जेवढी लाज वाटली नव्हती, तेवढी या प्रश्नाने वाटली. मी खाली बघितले. नंदू माझ्याकडे बघत राहिली, आणि मला वाटते त्याच वेळी तिला कळले की मी तिची पुस्तके कशी वाचत होतो.

दुसऱ्या दिवशी हौदा उकरून झाल्यावर ती गगनमल्लाचे पुस्तक घेऊन माझ्याशेजारी बसली आणि ग या अक्षरावर बोट ठेवले. पोरे येता-जाता बघत होती. मी पुस्तक धोतराच्या सोग्याखाली झाकायला गेलो. तिने ते पुन्हा बाहेर काढले. अशा रीतीने, पिकलेल्या मिशा घेऊन, मी वाचायला शिकलो.

त्या पानावरच्या मुलीचे कोडे आता तुम्हाला सुटले असेल. गगनमल्लाने पोलादी हात ताठ ठेवले तर ती वाचणार नाही. खरा महावीर तिच्या बरोबरीने खाली जाईल, तिचा वेग हळूहळू कमी करील. नंदूने त्या पानावर पेन्सिलीने गगनमल्लाचे हात वाकवून ठेवले आहेत.

आज ती चंद्रावरच्या वस्तीसाठी काम करते. तिथे उतरणारी अवकाशयाने कुठल्या जमिनीवर अलगद थांबतील याचा ती शोध घेते. चंद्राचे गुरुत्वाकर्षण (खाली खेचणारी ओढ) आपल्या सहाव्या हिश्शाएवढेच आहे, पण उतरणाऱ्या यानाचा संवेग तिथेही संपवावाच लागतो. मागच्या महिन्यात ती फोनवर म्हणाली, "आबा, चंद्रावरही हौदाच करायचाय. फक्त ताक कुठनं आणायचं ते सांगा." तुमच्यातले कुणी मोठे झाल्यावर तिच्या मदतीला जाईल, असे मला वाटते.

आण्णा त्या कुस्तीविषयी पुढे कधी बोलले नाहीत. शेवटच्या आजारपणात त्यांचा बिछाना कोठीच्या खोलीत हलवला होता. एका दुपारी मी त्यांच्याकडे पाठ करून वावटळीची जुनी लढत बघत होतो. ते झोपलेत असे मला वाटले होते.

"हिंदुराव," ते म्हणाले, "आवाज सोड की. आणि खाली काय अक्षरं येत्यात ती वाच."

मी आवाज सोडला. अक्षरे वाचून दाखवली. मी अडखळलो तरी ते थांबून राहिले.

आण्णा वस्ताद २०५९ साली श्रावणात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी वारले.