बुधरामचे खाते

चिखला गावाच्या पुढे मोहाच्या झाडांमधून जाणारा काळ्या धुळीचा रस्ता जिथे संपतो, तिथे मँगनीजची एक खाजगी खाण आहे. तिच्या तोंडाशी दिवाघर आहे. खाली उतरणारा प्रत्येक कामगार दिवाघराच्या खिडकीवरील यंत्राला आपले कार्ड टेकवितो आणि भिंतीवरच्या आपल्या हुकावरून टोपीचा दिवा घेतो; वर आल्यावर पुन्हा कार्ड टेकवून तो दिवा त्याच हुकाला अडकवितो. हा क्रम देवपूजेइतका निरपवाद आहे. कारण यंत्राच्या लेखी एक जरी माणूस खाली उरला, तरी सुरुंगाचे बटण चालत नाही.

ही व्यवस्था खेमराजच्या हाती होती. तुमसरहून रोज मोटारसायकलने येऊन तो खाणीचे संगणक सांभाळीत असे. खिडकीवरचे यंत्र, भांडारातला संगणक, खाली तळाच्या गॅलरीत, म्हणजे बोगद्यात, बसविलेला संगणक, यांपैकी कोणीही स्वतः माणूस ओळखीत नसे. हा कोण, याला अधिकार काय, हा वर आहे की खाली, हे सारे ती यंत्रे कार्यालयातल्या मुख्य सर्व्हरला विचारीत. तिथे प्रत्येकाचे एक खाते होते. खात्यावर नाव असे, आणि नावाच्या आत एक अशी ओळख असे, जी खाते निर्माण होताना सर्व्हर स्वतःच देई आणि पुढे कोणालाही बदलता येत नसे. नाव ही केवळ उपाधी. यंत्रे परस्परांशी बोलत ती त्या आतल्या ओळखीनेच.

बुधराम दिवाघरात दिव्यांची दुरुस्ती करी. खेमराजच्या चष्म्यावरून त्याला 'मास्तर' म्हणणारा साऱ्या खाणीत तो एकटाच. "का मास्तर, मशीन बोलली का आज?" ही त्याची रोजची थट्टा. दुपारी त्याची बायको रेवताबाई डबा घेऊन येई. खिडकीशी आली की डोक्यावर पदर ओढून घेई आणि मान वर न करता डबा आत सरकवी.

पावसाळ्याच्या अखेरीस बुधराम दिवा दुरुस्त करण्यासाठी तळाच्या गॅलरीत उतरला असता छत कोसळले. त्याचे शरीर वर आणले गेले. खेमराजने स्वतः खांदा दिला. कार्ड मात्र कोणी टेकविले नाही. ती नोंद खेमराजनेच सर्व्हरवर हाताने 'वर' अशी केली. मग गॅलरीपुढे विटांची भिंत घातली गेली आणि तिथल्या संगणकाची तार कापण्यात आली.

दिवाघरातला वृद्ध सुखराम याने बुधरामच्या हुकाला कडुनिंबाची डहाळी बांधली. तिथली रीतच तशी होती. गेलेल्याच्या हुकावर वर्षभर दुसऱ्याचा दिवा लावीत नसत.

बापाच्या जागी बुधरामची मुलगी डिंपल दिवाघरात कामाला लागली. नवे खाते काढायचे म्हणजे भांडार, दिवाघर, सुरुंगाचा फलक, प्रत्येकाची वेगळी परवानगी मिळवावी लागे, आणि मॅनेजर साहेबांना घाई होती. खेमराजने बुधरामचे बंद केलेले खाते उघडले, त्यावरचे नाव पुसून डिंपलचे लिहिले आणि त्याच्या परवानग्या तशाच चालू ठेवल्या. कार्यालयांत असे पुष्कळदा होते. त्यात काही वावगे आहे, असे त्याच्या मनातही आले नाही.

धानाची कापणी सुरू झाली तेव्हा पहिला बिघाड झाला. पाळी सुटली, सारे दिवे हुकांवर परतले, तरी सुरुंगाच्या फलकावर एक माणूस खाली दिसत राहिला. नाव डिंपलचे.

डिंपल खिडकीत बसून हसत होती. "दादा, मी तं इथंच बसून आहो! तुमची मशीन मले फुकटची दुसरी ड्यूटी देऊन राहिली."

खेमराजही हसला. त्याने नोंद पुसली. दुसऱ्या दिवशी ती परत आली. त्याने सर्व्हरची घड्याळे तपासली, तारा बदलल्या, मुख्य आणि राखीव सर्व्हरांमधला मेळ पाहिला. सारे निर्दोष होते. शेवटी त्याने नोंद कोठून येते ते शोधले, आणि पडद्यावरचा पत्ता पाहून त्याचा हात थांबला. तो पत्ता तळाच्या गॅलरीतल्या संगणकाचा होता.

तो खाली उतरून पाहून आला. भिंत अभंग होती. तारेचे कापलेले टोक अलीकडे लोंबत होते. त्यावर पाण्याचा थेंब धरला होता. त्याने तळहात विटांवर ठेवला. विटा कोमट होत्या.

त्यानंतर तो डिंपलकडे निरखून पाहू लागला. तिच्या नखांत काळी भुकटी दिसे, जरी ती कधी खाली उतरली नव्हती. दिव्याचा पट्टा ती डाव्या हाताने आवळू लागली होती. एरवी ती सारे उजव्या हाताने करी, हे त्याला ठाऊक होते. डावखुरा होता तो बुधराम. बोलता बोलता ती मध्येच थांबे आणि दूरचे ऐकावे तशी मान कलती करी.

"काहून गं, बरं नाही का?" त्याने विचारले.

"झोप नाही होत दादा. डोळा लागला का छातीवर वजन पडते. अना तोंडात मातीच माती."

सुखराम पाठीमागे दिवे पुशीत होता. डिंपल बाहेर गेल्यावर तो हळूच म्हणाला, "आमी तं हुक रिकामा ठेवला, साहेब. तुमी कम्प्युटरात का केलं?"

खेमराजने जे केले होते ते सांगितले.

सुखरामने हातातला फडका खाली ठेवला. "म्हंजे बुधरामच्या जागी पोरीले टांगलं का जी?"

खेमराजला राग आला, आणि त्या रागाखालची भीतीही जाणवली. तो शास्त्र शिकलेला माणूस होता. परंतु मुलगी दिवसेंदिवस ओसरत चालली होती, हे पाहण्यास शास्त्राची गरज नव्हती. दोन ओळखी वेगळ्या करणे एवढेच त्याच्या हाती होते, आणि ते करावयाचे त्याने ठरविले.

त्या दुपारी पाळी सुटल्यावर त्याने डिंपलला दिवाघरातच समोर बसविले. सर्व्हरवर तिच्यासाठी निखळ नवे खाते निर्माण केले. त्याला नवी ओळख मिळाली. पासवर्ड तिने स्वतः टंकला. जुन्या खात्याला त्याने पुन्हा बुधरामचे नाव दिले, क्षणभर हात जोडले आणि ते कायमचे मिटविले.

डिंपलने एक दीर्घ श्वास सोडला आणि डोळे मिटले.

फलकावर खाली शून्य माणसे दिसली.

मॅनेजर साहेबांचा फोन आला. "झालं ना? खाली कोणी नाही ना? तळाच्या सुरुंगाचा बार अडून आहे."

"कोणी नाही, साहेब."

सुरुंगाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजू लागला.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात मदतीची एक विनंती उघडली. कोणीतरी डिंपलच्या नव्या खात्याने प्रवेश केला होता. पासवर्ड पहिल्याच प्रयत्नात बरोबर होता. पत्ता तळाच्या गॅलरीचा. मजकुरात एकच शब्द होता.

दादा

फलकावर अजून शून्यच होते. खेमराजने फोन उचलला. पलीकडे घंटी वाजली, मग साहेबांचा आवाज आला, "हां, बोला."

तो समोर पाहू लागला. डिंपल खुर्चीत बसली होती. मुलगी डोळ्यांपुढे बसलेली असता, ती खाली आहे, हे कोणत्या तोंडाने सांगावे?

"बोला ना खेमराज."

"काही नाही, साहेब."

जमीन एकदा हादरली. हुकांवरचे दिवे एकमेकांवर आपटून किणकिणले, आणि शांत झाले. पडद्यावरची विनंती आपोआप मिटली.

डिंपलने डोळे उघडले. डाव्या हाताने टेबलावरची धूळ पुसली आणि त्याच्याकडे पाहून मंद हसली.

"का मास्तर," ती म्हणाली, "मशीन बोलली का आज?"

सुखराम दारात उभा होता. त्याने भिंतीकडे पाहिले. कडुनिंबाची डहाळी हुकाखाली जमिनीवर पडली होती.

बाहेर चपलांचा आवाज आला. डिंपलचा डबा घेऊन रेवताबाई येत होती; लेकीपुढे ती उघड्या डोक्याने येई आणि दुरूनच ओरडत येई. आजही ओरडतच आली, "पोरी, सकाळपासून पोटात काही नाही तुह्या, कायले अशी करतं..."

खिडकीशी येताच तिने आत पाहिले. तिचे शब्द थांबले.

मग तिने सावकाश डोक्यावर पदर ओढून घेतला, आणि मान वर न करता डबा आत सरकविला.